माझं माझ्याशी नातं नाही

५ सप्टेंबर, सोमवार

तपासणी होणार, हे आज पक्कं झालं. कुमासीच्या विभागीय कार्यालयातून मॅडम ताविया यांनी स्वतः फोन करून सांगितलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतील. तपासणी नीट पार पडली तर माझ्या नावापुढचा 'प्रभारी' हा शब्द जाईल, असंही त्याच म्हणाल्या. म्हणजे प्रॉस्पर आमेतेपे, व्यवस्थापक, अबेटेसो कोको शेतकरी पतपेढी. फोन ठेवल्यावर एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. कानाला बरं वाटतं.

तपासणीचं कारण असं. पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका शाखेत एकच माणूस पैसे घ्यायचा, तोच वहीत लिहायचा आणि तोच तिजोरीला कुलूप लावायचा. गेल्या महिन्यात तो माणूस गेला, पैसे गेले आणि कुलूपही गेलं. म्हणून आता वरून हुकूम आहे: पैसे घेणं, लिहिणं आणि मंजूर करणं ही तीन कामं तीन माणसांकडे हवीत. आणि ती तीन माणसं एकमेकांची नातेवाईक नकोत.

हे मला केव्हाच सुचलं होतं. फक्त कुणी विचारलं नाही.

६ सप्टेंबर, मंगळवार

नातेसंबंधांची चौकशी पूर्ण. माझ्या हाताखाली तीनच माणसं आहेत. आंटी सेरवा आन्सोंग, मास्तर दोन्कोर (पूर्वी शाळेत शिकवायचे) आणि तरुण सार्पोंग. आन्सोंग, दोन्कोर, सार्पोंग. तीन आडनावं, तिन्ही वेगळी. चहा निवायच्या आत काम झालं.

आमच्याकडे, समुद्रकाठच्या केटाला, आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या घरचा, त्याच्या आजोबांची होडी कुठे बुडाली, सगळं कळतं. आडनावासारखा पुरावा नाही.

रात्री जेवताना हिला सांगितलं. एन्योनाम म्हणाली, "एडेमचे बाबा, इथे आडनावावर जाऊ नका. इथली माणसं आईची असतात. बाप नाव देतो, घर आईचं. बाजारात कुणालाही विचारा."

सगळी माणसं आईचीच असतात. हे कळायला बाजारात सुके मासे विकायला बसावं लागत नाही. पण मी बोललो नाही. घरात शांतता ठेवणं हाही व्यवस्थापनाचा भाग आहे.

७ सप्टेंबर, बुधवार

तक्ता भिंतीवर लागला. तीन रंग. निळा: आंटी सेरवा पैसे घेणार आणि देणार. काळा: मास्तर हिशेब लिहिणार. हिरवा: सार्पोंग तपासून मंजुरी देणार. फोनवरून कुणाला पैसे पाठवायचे असतील तर आंटी नंबर मोठ्याने वाचणार, मास्तर तो परत म्हणणार, आणि दोन्ही जुळले तरच सार्पोंग बटण दाबणार.

मीटिंग घेतली. मी जरा लांब बोललो. सार्पोंगला झोप लागली होती, पण ती विचारमग्न झोप होती.

आंटी सेरवा म्हणाली, "या माणसाला लिहायला देताय, मॅनेजर? याला स्वतःची सोडून सगळ्यांची चूक दिसते."

मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, त्या बाईंना सांगा, पावतीवरचा आकडा वाचता येईल असा काढा. मी त्यांच्याशी बोलत नाही."

बाई हातभर अंतरावर बसल्या होत्या. यालाच व्यावसायिक अंतर म्हणतात. तक्ता लागून तासही झाला नव्हता आणि हा परिणाम. मला भरून आलं.

१२ सप्टेंबर, सोमवार

पद्धत घट्ट बसली आहे. मास्तरांनी आज आंटीच्या पावत्या परत पाठवल्या. आंटीने मास्तरांची वही परत पाठवली. दोघं एकमेकांशी बोलत नसल्याने सगळं सार्पोंगमार्फत चालतं. तो म्हणाला, "बॉस, मी इथे मंजुरी द्यायला आहे की डाक वाटायला?"

संध्याकाळी हिशेब पैशापैशाला जुळला. एवढा चोख की मला लवकर घरी जाता आलं.

एक गोड गोष्ट. सार्पोंग मास्तरांना 'मामा' म्हणतो आणि आंटी सेरवाला 'मोठी आई'. इथे लोकांना नाती लावून बोलायची सवयच आहे. ऑफिसात कुटुंबासारखं वातावरण तयार होतंय. मॅडमना हे मुद्दाम दाखवायला हवं.

संकल्प: दुपारी फुफू कमी खायचं. दोन वाजल्यानंतर डोळे मिटतात.

१४ सप्टेंबर, बुधवार

फुफू खाल्लं. सूप बकऱ्याचं होतं, त्यामुळे अपवाद.

म्हातारे अटाक्वा मुलीच्या शाळेचे पैसे काढायला आले होते. बराच वेळ थांबावं लागलं, कारण मास्तरांना आंटीच्या सहीची वेलांटी पसंत नव्हती. म्हातारे जाता जाता मला म्हणाले, "पोरा, तुमच्या दारात उभा राहिलो तेवढ्यात कोकोचं रोप लावलं असतं तर शेंगा धरल्या असत्या."

त्यांना हळूहळू सवय होईल. सुरक्षितता म्हणजे थोडं उभं राहणं.

२० सप्टेंबर, मंगळवार

येत्या शनिवारसाठी सुट्टीचे अर्ज आले. इथे माणूस गेल्यावर अंत्यविधी काही आठवड्यांनी, तारीख ठरवून करतात. आपल्या शाखेत शनिवारी अर्धा दिवस काम असतं, म्हणून लेखी मागितले. आंटी सेरवा: आईचा अंत्यविधी. मास्तर: आईचा अंत्यविधी. सार्पोंग: आजीचा.

एका छोट्या ऑफिसात तीन घरी दुःख, आणि तेही एकाच शनिवारी. गावावर कसली वेळ आली आहे! तिघांनाही रजा दिली. शाखा मी एकटा बघेन, मग तिन्ही घरी जाऊन येईन. कुणाकडे गेलो आणि कुणाकडे नाही असं होता कामा नये. निःपक्षपातीपणा वरून खाली झिरपतो.

मयतीच्या घरी द्यायला तीन पाकिटं आणली. प्रत्येकी पन्नास सेडी. एन्योनामने पाकिटांकडे बघितलं आणि विचारलं, "तीन कशाला?" मी सांगितलं, तीन मयती. तिने तिन्ही पाकिटं एकावर एक रचून माझ्या हातात दिली. माझ्या उदारपणाचं तिला कौतुक वाटलं असावं.

२४ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू.

मैदानात मंडप, लाल-काळ्या कपड्यांची गर्दी, भोंग्यांतून गाणी. म्हटलं, आधी आंटी सेरवाकडचं उरकू. दारातच देणगीचं टेबल होतं. एक बाई पाकीट उघडून पैसे घेत होती, दुसरी वहीत लिहीत होती, आणि तिसरा एक जण माइकवरून ओरडून सांगत होता. तीन कामं, तीन माणसं! माझ्या तक्त्याची कीर्ती मयतीच्या मंडपापर्यंत पोचली, म्हणून क्षणभर छाती फुगली. पहिलं पाकीट दिलं. माइक म्हणाला, "पतपेढीचे प्रॉस्पर आमेतेपे, पन्नास सेडी!"

मग रिवाजाप्रमाणे घरच्यांच्या रांगेत उजवीकडून हात मिळवत निघालो. पहिल्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ. हात मिळवला. दुसऱ्या खुर्चीत आंटी सेरवा. "आंटी, फार वाईट झालं." तिसऱ्या खुर्चीत सार्पोंग. म्हटलं, बघा, सहकाऱ्याच्या दुःखात आपलं दुःख बाजूला ठेवून आला. चौथ्या खुर्चीत मास्तर.

मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही इथे? तुमच्या आईचं तिकडे कोण बघतंय?"

मास्तर म्हणाले, "कुठे तिकडे, साहेब? आई ही इथेच."

पहिल्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मान वाकवून समजावलं: सेरवा आणि दोन्कोर एका आईची लेकरं. बाप वेगवेगळे, म्हणून नावं वेगवेगळी. आणखी एक बहीण होती, ती वारली. सार्पोंग तिचा मुलगा. "हा मधे बसलाय तो मुद्दाम," गृहस्थ म्हणाले. "त्या दोघांना शेजारी बसवलं तर आजची मयत एकीवर थांबायची नाही."

उरलेली दोन पाकिटं खिशात होती. लोक बघत होते. परत घेऊन जाणं बरं दिसलं नसतं. माइक पुन्हा म्हणाला, "पतपेढीचे प्रॉस्पर आमेतेपे, पन्नास सेडी!" आणि मग, "पतपेढीचे प्रॉस्पर आमेतेपे, अजून पन्नास सेडी! टाळ्या!"

एका आईची लेकरं पैसे घेतात, लिहितात, आणि नातू मंजूर करतो. माझ्या शाखेत. मॅडम यायच्या आहेत.

जेवण सुरेख होतं. मला गेलं नाही. दुसरी प्लेट अर्धीच खाल्ली.

२५ सप्टेंबर, रविवार

एन्योनाम म्हणाली, "मी सांगितलं होतं."

तिने तसं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

२६ सप्टेंबर, सोमवार

कठोर निर्णय घेतला. तिघांनाही तात्पुरतं पैशाच्या कामातून बाजूला केलं.

आंटी सेरवा म्हणाली, "मॅनेजर, आख्ख्या गावाला ठाऊक आहे. कोंबड्यांनाही ठाऊक आहे. तुम्हाला नव्हतं?"

मास्तर पहिल्यांदाच खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "साहेब, आमचे मामा गेले तेव्हा त्यांचा कोकोचा मळा आम्हा भाच्यांपैकी कुणाकडे जायचा यावरून आमचं फाटलं. तेव्हापासून मी आणि ती बोलत नाही. तिने मला आजवर एका सेडीची सूट दिली का? मी तिला दिली का? मी मेलो तरी ती माझ्या शवपेटीच्या पावतीत चूक काढेल. याच्याहून चांगला पहारा तुम्हाला कुठे मिळणार?"

"तूच आधी मरशील, म्हणून तर," आंटी भिंतीकडे बघत म्हणाली.

हा भावनेचा मुद्दा झाला. नियम म्हणतो नातेवाईक नकोत. भांडलेले चालतील असं नियमात कुठेही नाही.

मी सार्पोंगला विचारलं, गावात या घराशी नातं नसलेलं, हिशेब येणारं कुणी आहे का? तो विचार करून म्हणाला, "बॉस, तुम्ही."

पोरगं हुशार आहे. खरंच, या ऑफिसात कुणाशीही नातं नसलेला माणूस एकच. माझं आंटीशी नातं नाही, मास्तरांशी नाही, सार्पोंगशी नाही. आणि माझं माझ्याशीही नातं नाही, हे कुणीही मान्य करेल. तपासणी होईपर्यंत तिन्ही कामं मी करणार.

तिघांना नवीन जबाबदाऱ्या दिल्या. आंटी सेरवा: आलेल्यांना नमस्कार करणे. मास्तर: जुन्या फायली अक्षरक्रमाने लावणे. सार्पोंग: जनरेटर.

२८ सप्टेंबर, बुधवार

कामाची विभागणी मात्र मी मोडलेली नाही. मॅडमनी हे लक्षात घ्यावं. तीन खुर्च्या जशाच्या तशा आहेत. पैसे घेताना मी खिडकीच्या खुर्चीत बसतो, निळं पेन. मग उठून मास्तरांच्या खुर्चीत, काळं पेन. मग कोपऱ्यातल्या खुर्चीत, हिरवं पेन. एका खुर्चीतून दुसरीकडे जाताना आधीच्या खुर्चीत काय झालं ते विसरायचं, अशी शिस्त ठेवली आहे. ती मला चांगली जमते.

आंटी सेरवा म्हणाली, "मॅनेजर, बसा हो थोडं. कुठल्या तरी एका खुर्चीत."

तिला हे समजायला वेळ लागेल.

३० सप्टेंबर, शुक्रवार

मंजुरी अधिकारी या नात्याने आज कॅशियरचा एक कागद परत पाठवला. खाडाखोड होती. कॅशियर म्हणून जरा लागलं. पण कागद सुधारून दिला. अहंकार आड येऊ दिला नाही.

गुडघे दुखतात. खुर्च्या जवळ आणाव्यात का? नको. अंतर हाच तर मुद्दा आहे.

४ ऑक्टोबर, मंगळवार

मोठा व्यवहार. शेतकऱ्यांच्या कोकोला शेंगकुजीचा रोग लागतोय. सगळ्यांनी मिळून फवारणीच्या औषधासाठी पैसे जमा केले होते, बत्तीसशे सेडी. ते व्यापारी बाफोर यांना फोनवरून पाठवायचे होते. पैसे पोचले की ते औषधाची गाडी पाठवणार.

नंबर मीच वाचला. मीच परत म्हटला. जुळला. बटण दाबणार तेवढ्यात एन्योनामचा फोन: ताजे आणलेले मासे खराब होताहेत, बर्फवाला आलाच नाही, तुमचं कधीच लक्ष नसतं. वैताग. तिला कसंबसं शांत केलं, ठेवला, पुन्हा नंबर घातला आणि काम पुरं केलं. "बरोबर आहे ना?" असं विचारलं. "बरोबर," म्हणालो. तीन खुर्च्या, तीन पेनं.

फायली लावताना मास्तर तिकडून म्हणाले, "साहेब, नंबर कुणी परत म्हटला?"

मी म्हणालो, मी.

ते कॅलेंडरकडे बघून पुन्हा फायली लावायला लागले. कौतुक करायची त्यांची पद्धत ती.

५ ऑक्टोबर, बुधवार

घरी गेलो तर खेकड्यांचं सूप आणि बांकू. बुधवारी! एन्योनाम मला 'एफो प्रॉस्पर' म्हणाली. लग्नाआधी म्हणायची. वर म्हणाली, "मी तुम्हाला उगाच बोलते. तुमचं माझ्याकडे लक्ष असतं."

जबाबदारीचं पद माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं. बायकोला ते सगळ्यात आधी दिसतं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

घरी फ्रीझर आला. मोठा, पांढरा, झाकणाचा. एन्योनामने सुक्या माशांबरोबर आता ताजेही कायमचे ठेवायचं ठरवलंय. धंदा जोरात चालला असावा. पैसे कुठून आले ते मी विचारलं नाही. बायकोच्या व्यवहारात नाक खुपसू नये. घरातही कामाची विभागणी आहे.

फ्रीझरला हात लावून बघितला. छान थंड.

८ ऑक्टोबर, शनिवार

बाफोरचा फोन. पैसे मिळाले नाहीत म्हणतो. मी त्याला शांतपणे समजावलं, आमच्याकडे प्रत्येक व्यवहार तीन टप्प्यांत तपासला जातो, तुमच्याकडे किती टप्पे आहेत? त्याने फोनच ठेवला.

१० ऑक्टोबर, सोमवार

बाफोर स्वतः आला. सोबत म्हातारे अटाक्वा आणि पाच-सहा शेतकरी. एकाने काळी पडलेली शेंग आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यातून पाणी गळत होतं.

अटाक्वा म्हणाले, "पोरा, ही कालची. उद्या हिच्या शेजारच्या दहा अशाच होतील. औषध कुठे आहे?"

बाफोर म्हणाला, "पैसे कुठे आहेत ते विचारा याला!"

मी चौकशी सुरू केली. हिशेबनीस या नात्याने कॅशियरकडून लेखी खुलासा मागवला. कॅशियरने अद्याप उत्तर दिलेलं नाही. कडक भूमिका घ्यावी लागेल.

बाफोर लबाड आहे, अशी मला शंका आहे. किंवा फोन कंपनी. सार्पोंगवरही नजर ठेवली आहे. तो आज जनरेटरपाशी हसत होता.

मॅडम परवा येणार. 'व्यवस्थापक' ही पाटी रंगवायला टाकली होती, ती तयार झाल्याचा निरोप आला. रंगाऱ्याला सांगितलं, दोन दिवस ठेव.

१२ ऑक्टोबर, बुधवार

मॅडम ताविया सकाळीच आल्या. बारीक चष्मा, साधी पर्स, चहा नको.

तक्त्याकडे बघून मान डोलावली. म्हणाल्या, "छान. कॅशियर कोण?"

मी म्हणालो, मी.

"हिशेबनीस?"

मी काळं पेन दाखवलं.

"मंजुरी कुणाची?"

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो. समजायला सोपं जावं म्हणून.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी त्यांना नातेवाइकांची अडचण सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग शाखेचा फोन मागितला आणि चार तारखेचा व्यवहार उघडला.

"हा बाफोरचा नंबर नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचा आहे हा?"

मी बघितला. म्हणालो, ओळखीचा वाटतोय.

सार्पोंग मागून डोकावला. "बॉस, हा तर तुमच्या घरचा! मी कधीकधी मासे मागवतो ना."

मॅडमनी आवाज बाहेर ऐकू येईल असं करून तो नंबर लावला. पलीकडून एन्योनाम: "हॅलो, एफो प्रॉस्पर! अहो, फ्रीझर काय मस्त गार करतोय! पोपटमासा तर दगडासारखा झालाय. देवाने तुम्हाला उशिरा का होईना बुद्धी दिली!"

खिडकीबाहेर अटाक्वा होते. त्यांनीही ऐकलं.

मॅडमनी फोन ठेवला आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. व्यवस्थापकाने सगळ्यांना बाजूला केलं. सगळे अधिकार स्वतःकडे घेतले. आठवड्याभरात शेतकऱ्यांचे पैसे बायकोच्या फोनवर. "आमेतेपे, हे पोलिसांना सांगायला मला एक वाक्य पुरेल. तुम्हाला किती लागतील?"

मी बर्फवाल्यापासून सुरुवात केली. बर्फवाल्यापासून सुरुवात करायला नको होती.

तेव्हा आंटी सेरवा उठली. मास्तरांकडे वळली. मॅडमकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ मास्तरांकडे. "तू सांग यांना," ती म्हणाली. "तू शिकलेला आहेस."

सार्पोंगच्या हातातून पाना पडला.

मास्तर म्हणाले, "नाही, ताई, तूच सांग. तू पहिल्यापासून बघतेयस."

"मॅडम," आंटी म्हणाली, "हा चोर नाही. चोरी करायची तर आपण काय करतोय ते आधी कळावं लागतं. हा माणूस एका मयतीला तीन पाकिटं देऊन आला. आमच्याच आईच्या. मायक्रोफोनवर तीनदा नाव घेतलं याचं, गाव अजून हसतंय."

"बायकोचा फोन आला, बोट सवयीने बायकोच्याच नंबरवर गेलं," मास्तर म्हणाले. "मी त्याच दिवशी विचारलं होतं, नंबर परत कुणी म्हटला. मीच म्हटला, म्हणाले. मी तेव्हाच तारीख लक्षात ठेवली."

"आणि मला सांगितलं नाहीस?" आंटी.

"आपण बोलत होतो का तेव्हा?"

खिडकीतून अटाक्वा म्हणाले, "हे बरोबर आहे. हे पोर मूर्ख आहे, पण चोर नाही."

माझ्या बाजूने साक्ष द्यायला इतके लोक पुढे आले, याचा आनंद झाला. आणि दुरावलेली भावंडं माझ्यामुळे बोलली, हे कुठेही नोंदवलं जाणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

पोलिसांकडे जाणार नाही. मॅडमनी तसं लिहून दिलं. फ्रीझर दुकानदार अर्ध्या किमतीत परत घेणार. बाकीचे माझ्या पगारातून कापणार. बाफोर औषधाची गाडी आजच पाठवतोय, पण माझ्या शब्दावर नाही. आंटी आणि मास्तर या दोघांनी मिळून हमी दिली. कागदावर एकाखाली एक सह्या केल्या, आणि आंटीने मास्तरांच्या सहीत चूक काढली.

एन्योनामला सगळं सांगितलं. ती फ्रीझरमधले मासे टोपलीत काढत होती. म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा न मागता पैसे आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं." मग टोपली उचलून म्हणाली, "सरका. वितळताहेत."

'एफो' म्हणाली नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

मॅडमचा फोन कुमासीहून. अहवाल गेला. नातेवाइकांच्या नियमाला अबेटेसोपुरती सूट मिळेल, कारण, त्या म्हणाल्या, एवढी कडक तपासणी त्यांनी आजवर एकाही शाखेत बघितली नाही. ती मी सुरू केलेल्या तक्त्यामुळे, असं मी सुचवून बघितलं. त्या म्हणाल्या, तक्ता भिंतीवर राहू द्या.

माझ्या नावापुढचा 'प्रभारी' शब्द निघतोय. मी आभार मानायला सुरुवात केली होती, तेवढ्यात त्यांनी वाक्य पुरं केलं. 'व्यवस्थापक' हाही निघतोय.

मंगळवारी समितीची बैठक आहे. त्या जागेसाठी आंटी सेरवाचं नाव सुचवलं जाईल, मास्तर विरोध करतील आणि मग होकार देतील, असा सार्पोंगचा अंदाज आहे.

सोमवारी सकाळी तिजोरीची किल्ली परत करायची आहे. आंटी ती हातात घेणार, मास्तर वहीत लिहिणार, सार्पोंग तपासून सही करणार. तेव्हा मी कुठे उभं राहायचं, ते अजून कळवलेलं नाही.